खुर्ची उलटी करून बघा

दुरुस्तीला आलेलं फर्निचर मी समोरून सगळ्यात शेवटी बघते. आधी पाठ, मग तळ, मग सांधे. समोरचा भाग पॉलिश मारून कुणालाही चकचकीत करता येतो. पण ही वस्तू किती वर्षं टिकावी असं बनवणाऱ्याने मनात धरलं होतं, ते मागच्या बाजूला कळतं.

गेल्या काही वर्षांत ‘पर्यावरणपूरक’ फर्निचरचा बाजार खूप वाढलाय. बांबूचं टेबल, जुन्या वाशांचा बाक, रीसायकल प्लास्टिकची खुर्ची, प्रमाणित लाकडाचं कपाट. लोक लाकूड कुठून आलं असं विचारू लागलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जाहिरातीत वस्तू कशाची बनलीय एवढंच असतं. ती मोडली तर उघडता येईल का, हे कुणी लिहीत नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे.

सिंकखालच्या कपाटाचा तळ घ्या. वरचं लॅमिनेट धड दिसतं, कडेची पट्टी मात्र सुटलेली असते. बोटाने दाबलं की आतला बोर्ड दबतो, नखाने खरवडला तर भुगा निघतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक कपटे, बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिनमध्ये घोळवून, उष्णता आणि दाब देऊन बसवलेले. कडेतून पाणी शिरलं की दाबलेले कपटे फुगतात, रेझिनची पकड सुटते आणि बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा उपटला की भोकाच्या भिंतीच राहत नाहीत. हेच सागाच्या दारात झालं असतं, तर मी भोक मोठं केलं असतं, लाकडाची खुंटी गोंद लावून आत ठोकली असती, वाळल्यावर तिच्यात नवं भोक पाडून तीच बिजागरी परत बसवली असती.

पार्टिकल बोर्डला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. गिरणीतला उरलासुरला माल त्यात कामी येतो, हा त्याचा खरा गुण. कोरड्या जागी उभं असलेलं, फारसं न हलवलेलं पुस्तकांचं कपाट त्यात चांगलं टिकतं. घेताना बोर्डातून फॉर्मल्डिहाइड वायू किती बाहेर पडतो, त्याचा वर्ग तेवढा जरूर विचारा. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या जागतिक संस्थेने 2004 मध्ये हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलाय, आणि बंद खोलीत नव्या कपाटाचा जो वास डोळ्यांना झोंबतो त्यात तो असू शकतो. पण ओल्या जागेसाठी हाच बोर्ड ‘हिरवा’ म्हणून विकला जातो, तेव्हा मला राग येतो. काही वर्षांत कचऱ्यात जाणार असेल, तर वाचवलेल्या लाकडाचा फायदा कुणाला झाला?

हा कचरा थोडाथोडका नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे 2018 या एका वर्षात तिथे सुमारे 1 कोटी 21 लाख टन फर्निचर कचऱ्यात निघालं, त्यातलं 80 टक्के सरळ जमिनीत पुरलं गेलं. रीसायकल झालेला भाग जवळजवळ नगण्य. लाकूड, फोम, कापड, लोखंड आणि गोंद एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात की वेगळे करायला लागणारी मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते.

म्हणून मला गोंदाविषयी बोलायचंय.

खुर्चीत माणूस मागे रेलतो तेव्हा मागच्या पायांच्या सांध्यांवर सगळा ताण येतो. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं. त्यामुळे कितीही चांगली बनवलेली असली तरी खुर्ची कधीतरी डुगडुगणारच. जुने कारागीर हाडा-कातड्यापासून केलेला सरस वापरायचे. तो ऊब आणि ओल लागली की मऊ होतो. सांधा हळूहळू हलवत सुटा करायचा, पुसायचा, नवा सरस लावून परत बसवायचा. नवा सरस जुन्यात मिसळून जातो. आजचा पांढरा गोंद सरसापेक्षा ओल जास्त सोसतो, पण वाळलेल्या थरावर नवा थर धरत नाही, म्हणून पटाशीने लाकडापर्यंत खरवडावं लागतं, आणि खरवडताना जीभ, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, बारीक होऊन खाचेत सैल पडते. इपॉक्सी लावलेला सांधा उघडायला गेलं तर गोंदाऐवजी लाकूडच फाटतं. आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीला बाजूने खिळा ठोकू नका, हे अगदी कळकळीने सांगते. खिळ्याने लाकूड चिरतं, आणि दोन तासांचं काम नवा पाय घडवण्यावर जातं.

उघडता येणारी खुर्ची मोठ्या प्रमाणावर बनवता येत नाही, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. पण जर्मन-ऑस्ट्रियन फर्निचर कारागीर मिखाएल थोनेट यांची 14 क्रमांकाची खुर्ची 1859 ची. वाफेने वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि जिथे पोचतील तिथे जोडल्या जायच्या. लाखोंनी खपली. पाय मोडला तर पाय बदला, बैठकीची वेताची विण फाटली तर विण नवी करा. कारखान्याचा माल आणि दुरुस्तीला सोपा माल, हे दोन्ही एकाच वस्तूत होतं. वाकवलेल्या लाकडाची ती गोलाई हातात घेतली की मला आजही भरून येतं.

लाकूड कुठलं, हा प्रश्न आहेच. जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या, 1993 मध्ये स्थापन झालेल्या एफएससी या संस्थेची खूण आता बऱ्याच मालावर दिसते. तिचे तीन प्रकार आहेत: शंभर टक्के, रीसायकल आणि मिक्स. मिक्समध्ये सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं असतंच असं नाही. खुणेखाली परवान्याचा क्रमांक असतो, तो एफएससीच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. विक्रेता क्रमांक देत नसेल, तर नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर विसंबू नका. शिसवाच्या डालबर्जिया कुळातलं लाकूड असेल तर आणखी सावध राहायला हवं. बेसुमार तोडीमुळे 2017 पासून हे जवळजवळ सगळं कूळ साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

बांबू तीन ते पाच वर्षांत तोडणीला येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्यातल्या स्टार्चवर भुंगेरे पोसतात, त्यामुळे बोरॅक्सचे संस्कार केलेत का ते विचारा. रबरवुडला, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाला, मी थोडं झुकतं माप देते. पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की ते झाड तोडलंच जातं, आणि पूर्वी त्यातलं बरंचसं लाकूड जळणात जायचं.

बाजाराच्या वाढीत मला सगळ्यात आशा वाटते ती वापरलेल्या फर्निचरची. आयकियासारख्या कंपनीने 2020 मध्ये अनेक देशांत आपलंच जुनं फर्निचर परत विकत घ्यायला सुरुवात केली. परत घेतलेली वस्तू पुन्हा विकायची, म्हणजे ती खोलून जोडायचा आणि तिला लागणारा स्क्रू शोधायचा त्रास बनवणाऱ्याच्याच पदरात पडतो. तो त्रास एकदा झाला की पुढचं डिझाइन बदलतं, असं मला ठामपणे वाटतं. फ्रान्सने 2012 मध्येच कायद्याने फर्निचरच्या कचऱ्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली, तीही याच दिशेने.

ग्राहक जेव्हा विचारतात, ‘ताई, एवढं करण्यापेक्षा नवीनच घेऊ का?’ तेव्हा मी त्यांना ती वस्तू उलटी करून दाखवते. खाली स्क्रू दिसतात का, की नुसत्या पिना? सोफ्याच्या तळाचं कापड काढलं तर आत चौकट लाकडाची आहे की पुठ्ठ्यासारख्या बोर्डची? ड्रॉवरचे कोपरे एकमेकांत गुंतवलेत की नुसते चिकटवलेत? दुकानात नवी वस्तू घेतानाही हेच बघा, लाजू नका. बिजागरी आणि ड्रॉवरची पट्टी सुटी मिळते का, किती वर्षं मिळेल, हेही विचारून घ्या.

युरोपीय संघाचा टिकाऊ उत्पादनांच्या रचनेचा नवा कायदा 2024 मध्ये लागू झाला, आणि 2025 मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या पहिल्या कार्ययोजनेत फर्निचर आणि गाद्या आहेत. वस्तूबरोबर डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची डिजिटल नोंद, देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. त्यात काय काय लिहायचं हे ठरेल तेव्हा लाकडाच्या मुळाबरोबर तीन गोष्टी हव्यात, असं माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांचं म्हणणं आहे: सांध्यात कोणता गोंद आहे, स्क्रू कोणत्या मापाचे आहेत, आणि कुठला भाग कुठून सुरुवात करून खोलायचा.