दोन इमारती, चार होस्ट आणि एक ‘मस्ट’

रत्नागिरीतील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी सर्व्हर आणि नेटवर्कचे काम पाहते. आमच्याकडे व्हीएमवेअर प्रणालीच्या एकाच क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या गटात, चार होस्ट आहेत. होस्ट म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, आणि त्यावर सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. त्यांपैकी दोन जांभ्या दगडाच्या जुन्या इमारतीत आणि दोन त्याच आवारातील नव्या इमारतीत असून, सर्वांचे सामायिक स्टोरेज नव्या इमारतीत आहे. दोन्हीकडची वीजजोडणी आणि यूपीएस मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत, जेणेकरून एक बाजू बंद पडली तरी दुसरी चालावी. गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात जुनी बाजू खरोखरच बंद पडली, आणि नव्या बाजूच्या होस्टांवर भरपूर मेमरी मोकळी असूनही तिकडे एकही व्हर्च्युअल मशीन सुरू झाले नाही.

सकाळी वादळी वाऱ्याने वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण जुन्या इमारतीतील चेंजओव्हर स्विचने, म्हणजे भार जनरेटरवर वळवणाऱ्या स्विचने, भार उचलला नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या आणि दोन्ही होस्ट एकदमच गेले. अशा वेळी एचए (हाय अव्हेलेबिलिटी) ही सोय मेलेल्या होस्टवरील मशीन दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू करते, आणि त्यासाठी तिला व्हीसेंटरची, म्हणजे सगळ्या क्लस्टरचा कारभार जिथून चालतो त्या सॉफ्टवेअरची, गरज लागत नाही. जिवंत होस्ट आपापसांतच एक प्रमुख निवडून हे काम पार पाडतात. मात्र कोणते मशीन कोणत्या होस्टवर चालू शकते याची यादी त्यांच्यापाशी आधीच पोहोचलेली असते. त्या यादीत आमच्या महत्त्वाच्या प्रत्येक मशीनसमोर जुन्या इमारतीतील दोनच होस्ट होते.

व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४.१ या आवृत्तीत, म्हणजे २०१० साली, मशीनचा एक गट आणि होस्टचा एक गट करून त्यांना नियमाने जोडण्याची सोय आली. नियम दोन प्रकारचा असतो. ‘शुड’ म्हटले तर शक्यतो या होस्टवर, अडचण आल्यास दुसरीकडे. ‘मस्ट’ म्हटले तर याच होस्टवर, नाहीतर कुठेच नाही. ‘मस्ट’ एचए कधीही मोडत नाही. आमच्या डेटाबेसचा परवाना होस्टच्या प्रोसेसरमधील कोअरवर मोजला जातो आणि तो दोनच होस्टांसाठी घेतलेला होता, म्हणून डेटाबेसला ‘मस्ट’ लावणे योग्यच होते. परंतु क्लस्टर उभारून देणाऱ्या कंत्राटदाराने परवान्यासाठी जुन्या इमारतीतील दोन्ही होस्ट निवडले आणि ‘महत्त्वाची मशीन’ अशा एकाच गटात डेटाबेस, दोन्ही डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारी मशीन) आणि खुद्द व्हीसेंटरही घातले. हस्तांतराच्या वेळी मी हरकत घेतली होती. ‘मॅडम, सगळ्या नियमांसमोर हिरवी खूण आहे,’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्या खुणेवर आमच्या व्यवस्थापनाने सही केली.

ती खूण खोटी नव्हती, हेच मला जास्त खुपते. दोन डोमेन कंट्रोलर एकाच होस्टवर येऊ नयेत असा वेगळा नियम होता आणि तो तंतोतंत पाळला जात होता. ते दोन होस्ट एकाच भिंतीआड, एकाच चेंजओव्हर स्विचवर आहेत, हे त्या नियमाला कळण्याचा काही मार्गच नव्हता. कोणते होस्ट एकत्र बुडतील हे माणसाने ओळखून गटांत लिहायचे असते, आणि ते लिहिण्यासाठी इमारतीत जाऊन वायरिंग पाहावे लागते.

नियम बदलायचा तर व्हीसेंटर हवे, आणि ते त्याच नियमामुळे बंद होते. वाट एकच उरली होती. मी नव्या बाजूच्या एका होस्टवर ब्राउझरमधून थेट प्रवेश केला, सामायिक स्टोरेजवरील फाइल शोधून आधी एक डोमेन कंट्रोलर तिथे नोंदवला आणि सुरू केला, कारण नावावरून नेटवर्कचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा त्याच्यावर होती आणि स्वतःचे नाव सापडल्याशिवाय व्हीसेंटरच्या सेवा नीट उठत नाहीत. मग व्हीसेंटर. मशीन हलवले आहे की त्याची प्रत केली आहे, असा प्रश्न पडद्यावर येतो. तिथे ‘हलवले’ हेच उत्तर द्यायचे, कारण ‘प्रत’ म्हटल्यास नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलतो. या दोन्ही मशीनचे नेटवर्क मी आग्रहाने होस्टवरच्या साध्या व्हर्च्युअल नेटवर्क स्विचवर ठेवून घेतले होते. ते व्हीसेंटरवर अवलंबून असलेल्या डिस्ट्रिब्युटेड स्विचवर असते, तर जोडणीपाशीच खोळंबा झाला असता.

व्हीसेंटर उघडल्यावर नियम बंद करणे क्षणाचे काम होते. परंतु डेटाबेस परवाना नसलेल्या होस्टवर चालवावा का, हा प्रश्न माझ्या अधिकाराबाहेरचा होता. सरव्यवस्थापक साहेबांनी फोनवर विचारले, ‘करारात बसतं का?’ बसत नव्हते, आणि मी तसे सांगितले. ‘मग थांबा,’ ते म्हणाले. दापोली, गुहागर, राजापूर येथून फोन येत होते. लॉगिन होत होते, पण खातेदाराचे पान उघडत नव्हते. पेरणीच्या तोंडावर कर्जाच्या हप्त्यासाठी आलेली माणसे बाकांवर ओल्या छत्र्या घेऊन बसली होती.

अखेर वायरमनने चेंजओव्हर स्विच उघडला. खाऱ्या हवेने तांब्याच्या संपर्कांवर हिरवट थर चढला होता आणि एका फेजची पट्टी टेकतच नव्हती. त्याने पॉलिश पेपरने ती घासली, स्विच हाताने ओढला आणि दुपारनंतर डेटाबेस आपल्या जागी सुरू झाला. किनाऱ्यावर असा स्विच पावसाळ्यापूर्वी उघडून पाहायलाच हवा, हे तो दरवर्षी सांगतो. त्याचे ऐकले जात नाही, कारण त्याच्या सांगण्याला अहवालाचे रूप नसते.

आता परवाना प्रत्येक इमारतीतील एकेका होस्टला लावून घेतला आहे, त्यामुळे डेटाबेसचा ‘मस्ट’ कायम ठेवूनही त्याला दोन्हीकडे जागा आहे. दोन्ही इमारतींसाठी होस्टचे स्वतंत्र गट केले असून, एकेक डोमेन कंट्रोलर एकेका गटाला ‘शुड’ने बांधला आहे, आणि व्हीसेंटरवर कोणतेही बंधन ठेवलेले नाही. साहेबांचा त्या दिवशीचा निर्णय करारानुसार बरोबर होता, असे मी लेखी अहवालात म्हटले आहे. बाकांवरच्या माणसांसमोर तो बरोबर होता का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. स्टोरेज एकाच इमारतीत असल्याचा धोका तसाच आहे आणि दुसऱ्या स्टोरेज संचाचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आहे. पाऊस सुरू होण्याआधी एखाद्या रविवारी जुन्या इमारतीची वीज मुद्दाम तोडून सगळे तपासावे, अशी मागणी मी त्यासोबतच जोडली आहे. तारीख अद्याप मिळालेली नाही.