उलाळ

गुरुजींचा फोन सकाळी साडेसातला आला. "मालक, घाटात ट्रॉली झोके खायली होती. मागून कुणीतरी गाडीच फिरवायलंय असं वाटलं."

तुळजापूरहून परतताना ते मांजरसुंब्याचा घाट उतरत होते. एक मालट्रक शेजारून पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रॉली डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि दरवेळी झोका आधीपेक्षा मोठा. गुरुजींनी ब्रेकवर पाय दाबला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि पालीजवळ गाडी थांबवली. गाडीत बाई आणि दोन नातवंडं होती.

ती ट्रॉली, म्हणजे गाडीमागे ओढायचं एक एक्सलचं छोटं घर, मीच बनवली होती. बीडमध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रिकामी ट्रॉली ७६० किलो आणि हुकवर, म्हणजे दांडी गाडीला जोडतात तिथे, ९० किलो भार, असं मोजूनच मी ती दिली होती. हुकवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, कमी पडला की ट्रॉली झोके खाते. तो १२ टक्क्यांच्या जवळपास बसत होता.

हळूहळू चालवत गुरुजी ट्रॉली घेऊन आले. मागे डोकावलो तर पार शेवटी २०० लिटरची पाण्याची टाकी. दुसरीकडून स्टँड वेल्डिंग करून घेतलेला. टाकी काठोकाठ भरलेली.

आधी वजनकाट्यावर नेली. एकूण १०६० किलो. गुरुजींना जरा धीर आला. "टायर तर ५६० किलोचे आहेत ना? दोन्ही मिळून ११२०. मग बसतंय की!"

हिशेब चूक नव्हता. टायरवर ८८ हा भारांक होता आणि त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो हाच. एकूण वजन बसत होतं, एक्सल बसत होता, टायर बसत होते. तरीही घाटात ट्रॉली हातातून निघून चालली होती.

हुकचा भार मोठ्या काट्यावर नीट कळत नाही, तो १० किलोच्या पटीतच आकडा दाखवतो. म्हणून मोंढ्यात ओळखीच्या आडतीवर गेलो. पोत्यांच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवला, गाडीला जोडल्यावर जेवढी उंची असते तेवढीच धरली, चाकांना दगड लावले आणि दांडी टेकवली. काट्याने २४ दाखवले. सव्वादोन टक्के.

वडील सोबत आले होते. ऊसतोडीला त्यांनी बरीच वर्षं बैलगाडी हाकली. त्यांनी दांडी एका हाताने उचलली आणि म्हणाले, "अरे, ही तर उलाळ झालीय."

ऊस मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसतो. पुढे जास्त झाला की गाडी धुरजड. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी मात्र ट्रॉली देताना पाणी कुठे ठेवणार हे विचारलंच नव्हतं. ती चूक माझी होती आणि मी ती गुरुजींसमोर कबूल केली.

मग कागदावर मांडलं. हुकपासून एक्सल ३.२ मीटर, टाकी एक्सलच्या मागे १.४ मीटर, पाणी आणि स्टँड मिळून २२० किलो. २२० गुणिले १.४ भागिले ३.२, म्हणजे हुकवरून ९६ किलो उचलले गेले. पुढच्या बाजूच्या ८० किलो सामानाने, म्हणजे सिलिंडर, भांडी, गाद्यांनी, ३० परत दिले होते. नाहीतर हुक वरच ओढला गेला असता.

दुपारभर काम केलं. टाकी काढून बरोबर एक्सलवर, बाकाखाली बसवली. पुन्हा भरून आडतीवर आलो. हुकवर १२० किलो, ११ टक्क्यांच्या वर. एक्सलवर उरले ९४०.

गाडीकडचा हिशेबही गुरुजींना समजावला, कारण हा भाग बहुतेक जण सोडून देतात. त्यांच्या गाडीचा हुक मागच्या एक्सलच्या १.१ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर २.७ मीटर. त्यामुळे हुकवरचे १२० किलो गाडीच्या मागच्या एक्सलवर १६९ होऊन बसतात आणि पुढची चाकं ४९ किलोंनी हलकी होतात. तेवढा भार डिकीतल्या सामानातून कमी करायचा. बाईंनी तिथंच दोन बॅगा बाजूला काढल्या.

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून अशी घरं बनवून घेण्याची चौकशी माझ्याकडे होते. सोफ्याचा रंग सगळे विचारतात.

शेवटी टाकीचा कॉक उघडला. बीडमध्ये पाणी नालीत सोडवत नाही. हमालांनी बादल्या लावल्या, एकेक भरून नेली. टाकी रिकामी झाली, एकूण वजन दोनशे किलोंनी उतरलं. हुकखालचा काटा १२० वरच उभा होता. वडिलांनी पुन्हा एका हाताने दांडी उचलून पाहिली. हलली नाही.