नसा जाग्या हव्यात

"काकू, झोपवणार तुम्हाला. नसांना नाही!" भूल देणारे डॉक्टर आज म्हणाले आणि रामबागेतल्या आमच्या काकूंचा चेहरा जरा सैलावला.

उद्या मणक्याचं ऑपरेशन. डोक्याला इलेक्ट्रोड, हातापायांच्या स्नायूंत बारीक सुया. मेंदूचा संदेश पायापर्यंत पोचतोय ना, हे ऑपरेशन चालू असतानाच बघत राहायचं. हुंगायची भूल हे संकेत फार दाबते, म्हणून शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध. तेही जास्त झालं तर संकेत मंदावतातच. स्नायू सैल करणारं औषध श्वासाची नळी घालण्यापुरतंच. आणि दातांमध्ये गॉजची गुंडाळी, कारण तपासणीसाठी दिलेल्या विजेच्या झटक्याने जीभ चावली जाऊ शकते!

काकूंनी हे शांतपणे ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. पेशंटला एवढं कळतं हो. तुमच्याकडे कुणी असं बसून सांगितलंय का?