चौथं गॅस्केट

फोनवर ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, परत झाकणातून वाफ यायला लागली. या वेळी जरा जाडसर गॅस्केट आणा." एकाच टाकीला हे चौथं गॅस्केट. सिलिकॉनचं जाड गॅस्केट पिशवीत टाकलं आणि हाताखालच्या पोराला घेऊन निघालो. अर्ध्या तासाचं काम, असा हिशोब होता.

टाकी गवती चहाचं तेल काढायची. (अर्काची टाकी म्हटलं की लोक गालात हसतात, म्हणून आधीच सांगतो, यात फक्त पाणी आणि पाला. दारूची वाफ पेट घेते, तसलं काम मी घेत नाही.) तळाशी पाणी आणि त्यात ३ किलोवॅटचे दोन हीटर, वर जाळीवर पाला. वाफ पाल्यातून वर येताना तेल सोबत घेते, झाकणावरच्या नळीने कॉइलमध्ये जाते आणि तिथे थंड होते. झाकण ४० सेंटीमीटरचं, कडेने आठ क्लॅम्प. मागच्या वेळी सहा होते. ताईंनी मधे दोन वाढवले होते.

झाकणाच्या मधोमध एक सॉकेट, म्हणजे नळी जोडायचं तोंड, होता. वेल्ड बघितला आणि ओळखला. माझाच. वर्षभरापूर्वी ताई नुसतं झाकण घेऊन आल्या होत्या, "याला चार सुती सॉकेट लावून द्या" म्हणाल्या (चार सुती म्हणजे अर्धा इंच), मी आर्गन वेल्डिंग मारून दिला. कशाला हवाय, हे काही विचारलं नाही.

सॉकेटमधून अ‍ॅडाप्टर, त्यातून चार सुती ट्यूब, चार एल्बो (वळणाचे तुकडे) आणि मग कॉइल. ताईंच्या मते सगळं अर्ध्या इंचाचं, म्हणजे सारखंच. मी व्हर्नियर लावून दाखवला. सॉकेटमधल्या पाइपच्या तुकड्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर, ट्यूबचा १२.७. पाइपला अर्धा इंच म्हणतात ते नावापुरतं. ट्यूबचं माप मात्र खरोखर बाहेरून मोजलेलं असतं. ट्यूबची जाडी वजा केली तर आत १०.२ मिलिमीटरचं भोक उरलं. करंगळीसुद्धा जाणार नाही.

"अहो, पण बाहेर तर बारीक धारच पडते," ताई म्हणाल्या. "तेवढ्याला नळी किती मोठी लागणार?"

इथेच सगळा घोळ होता. बाहेर पडतं ते पाणी, नळीतून जाते ती वाफ. १ लिटर पाण्याची १०० अंशांना जवळपास १,६७० लिटर वाफ होते. ६ किलोवॅटवर मिनिटाला १६० मिलिलिटरच्या आसपास पाणी उकळून जातं, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार लिटर वाफ. ती १० मिलिमीटरच्या भोकातून काढायची तर वेग येतो सेकंदाला ५४ मीटर. मी तिथेच मोबाइलवर गुणाकार करून दाखवला: ताशी १९५ किलोमीटर. पोरगं म्हणालं, "दादा, एल्बोवर वळताना आपटणारच की." बरोबर बोललं.

खात्री करायची म्हणून झाकणाच्या थर्मामीटरच्या भोकाला पारदर्शक नळी जोडली, यू आकारात वाकवून पाण्याने भरली. एका हीटरवर दोन्ही बाजूंच्या पाण्यात वीतभर फरक दिसला. दुसरा चालू केला तशी पातळी चढत गेली आणि साठ सेंटीमीटरवर थरथरत थांबली. दिसायला काहीच नाही. पण ४० सेंटीमीटरच्या झाकणावर तेवढ्या दाबाचा जोर ७५ किलो भरतो. म्हणजे एक धडधाकट माणूस आतून झाकणाला खांदा लावून उभा, आणि आपण बाहेरून क्लॅम्प आवळतोय. ताईंनी लगेच दुसरा हीटर बंद केला.

एकदा पटल्यावर त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. "मग सगळीकडे दीड इंच करून टाका, कॉइलसुद्धा." तेही नको. झाकणापासून कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडापर्यंत दीड इंच हवा; आतून सुमारे ३५ मिलिमीटर मिळतं आणि वेग सेकंदाला पावणेपाच मीटरवर येतो. पण कंडेन्सरमध्ये प्रश्न बदलतो. तिथे वाफेला थंड भिंत भेटायला हवी, आणि जाड नळीत मधली वाफ भिंतीला न शिवता पुढे सटकते. म्हणून दोन इंची नळीच्या आत चार सुती ट्यूबच्या सात नळ्या, ९० सेंटीमीटर लांब, भोवती थंड पाणी. ज्या ट्यूबने इतका छळ केला तीच सात जणींनी मिळून काम केलं तर छान चालते. खाली सगळ्या एकत्र येतात तिथे पुन्हा बारीक तोंड पुरतं, कारण तोवर वाफेचं पाणी झालेलं असतं.

जुन्या कॉइलच्या पुढच्या रबरी पाइपलाही पोट सुटलं होतं. त्यात पाणी साचून गुडगुड व्हायची. तो कापून सरळ उतार दिला. शेवटी कॉक बसवायचा ताईंचा विचार मात्र मी ऐकूनच घेतला नाही. हे तोंड कधीच बंद होता कामा नये.

जुना सॉकेट ग्राइंडरने कापला, स्वतःचाच वेल्ड. आठवड्याने सगळं जोडून दोन्ही हीटर लावले. यू नळीतला फरक सेंटीमीटरच्या आसपास. ताईंनी एकेक करत चार क्लॅम्प काढले, झाकणाच्या कडेने हात फिरवला. कोरडी होती. गॅस्केट तेच, तिसरं.

चौथं माझ्या पिशवीतून परत आलं, अजून खिळ्याला लटकतंय. परवा एक जण टाकीचं झाकण घेऊन आला, चार सुती सॉकेट लावायला. मी विचारलं, "हीटर किती किलोवॅटचा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हीटर कसला? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आहे हो."