११ डिसेंबरच्या जवळचा रविवार

आमच्या भूशास्त्र मंडळाचं वार्षिक संमेलन ११ डिसेंबरच्या जवळच्या रविवारी असतं. नवे सभासद विचारतात, डिसेंबरच का, ऐन लग्नसराईत हॉल मिळत नाही. १९६७ साली ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. मंडळ सुरू करणाऱ्या पाच-सहा जणांपैकी दोघांचं लहानपण कोयनेच्या खोऱ्यात गेलं होतं. म्हणून ही तारीख. हॉल महाग पडला तरी आम्ही ती कधी बदलली नाही आणि मी कार्यवाह आहे तोवर बदलू देणार नाही.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, हिशेब हे सगळं दरवर्षी होतं आणि यंदाही झालं. अहवाल मीच वाचते. वर्षभरात किती सहली, किती व्याख्यानं, कोणत्या शाळांत दगडांची पेटी घेऊन गेलो, ते सगळं पाच मिनिटांत उरकते, कारण माझं सगळं लक्ष जेवणाआधीच्या दीड तासाकडे असतं. त्या दीड तासाला आम्ही ‘दगड सांगणे’ म्हणतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘सभासदांची मनोगते’ असं छापलेलं असतं, पण तसं कुणी म्हणत नाही.

प्रत्येकाने एक दगड आणायचा, टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर ठेवायचा, शेजारी क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि पाच मिनिटं बोलायचं. दगड कुठला, कसा मिळाला, घरात तो कुठे ठेवलेला असतो. शास्त्रीय नाव आलंच पाहिजे असं नाही. पहिल्या वर्षी अकरा दगड होते, हल्ली चाळीसच्या वर जातात. काही नेहमीचे असतात. जळगावकडचं पांढरं-हिरवं अपोफिलाइट, वाघोलीच्या खाणीतला गडद निळा कॅव्हन्साइट (दोन्ही पाषाणाच्या पोकळीत वाढणारे स्फटिक), लोणारच्या काठावरून आणलेला काळा तुकडा. नेहमीचा दगड घेऊन येणाऱ्यांवर माझा राग नाही. तोच स्टिल्बाइटच्या स्फटिकांचा गुच्छ सलग चार वर्षं आणणारे आमचे एक वकीलसाहेब आहेत आणि दरवर्षी त्यांना त्यात काहीतरी नवं दिसलेलं असतं.

पण मला ज्या दिवसाची आठवण लिहायची आहे तो आबांचा दिवस. आबा म्हणजे रबाळ्याकडच्या दगडखाणीत तीस-बत्तीस वर्षं काम केलेले गृहस्थ. त्यांच्या नातीला मी नववीत भूगोल शिकवला, ती त्यांना घेऊन आली. धुवट सदरा, टोपी, आणि पिशवीत दगडाऐवजी हातोडी. दगड आणायचा राहिला म्हणून ते आधी फार ओशाळले होते. मग टेबलाजवळ गेले आणि मांडलेले दगड एकेक करून कानाजवळ धरून वाजवायला लागले. हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं असतील, पण सगळी गप्प झाली. एक दगड टण्ण वाजायचा, दुसरा बद्द. बद्द वाजलेला ते बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, ‘ह्याच्यात चीर हाय, वरनं दिसत न्हाय.’ त्यातला एक आमच्या अध्यक्षबाईंनी कौतुकाने आणलेला होता. बाईंनी तो उचलून उजेडात धरला, आणि खरंच कडेने केसासारखी रेघ होती.

मग ते खाणीबद्दल बोलले. पारसिकच्या डोंगरात सुरुंग लावायच्या आधी मुकादम आबांना खाली पाठवायचा. ते म्हणाले, ‘वरचा काळा दगड सरला की तांबडी माती लागती. तांबडं लागलं की समजायचं, हा दगड संपला, आता खालचा वेगळा. त्याला भोकं जास्त, तो खडीला चालतो पर घडाईला नको.’

त्या सकाळी आमच्याकडे प्रमुख पाहुणे म्हणून भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. चाळीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी दख्खनचा पाषाण समजावला होता. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरत गेला, आज उरलेला भाग साधारण ५ लाख चौरस किलोमीटर भरतो, महाबळेश्वरच्या बाजूला त्याची जाडी २ किलोमीटरच्या घरात जाते, आणि डोंगरांना आलेल्या पायऱ्यांवरून त्याला ट्रॅप हे नाव पडलं, कारण तो मूळ स्वीडिश शब्द पायऱ्यांचा आहे. सगळं सुरेख. आबांचं बोलणं संपलं तसे प्राध्यापक जागेवरून उठले. म्हणाले, मी सकाळी जे चाळीस मिनिटं सांगत होतो ते यांनी दोन वाक्यांत सांगितलं. एक थर थंड झाला, त्यावर पुढचा लाव्हा यायला खूप काळ गेला, तेवढ्यात वरचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजून तांबडा झाला, मग पुढचा थर त्यावर आला. आबांची तांबडी माती म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली विश्रांती. एवढं बोलून त्यांनी आपली खुर्ची आबांना दिली आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. आबा खुर्चीत बसायला तयार होईनात. नातीने हात धरून बसवलं. मी अहवालाच्या वहीत त्या वेळी एक ओळ लिहिली आहे, ‘खदान कामगार आबा बोलले’. त्याच्यापुढे मला काही सुचलं नाही.

आबा त्यानंतर तीनदा आले. ठाणे-वाशी गाडीत ऐरोली सुटली की डाव्या हाताला तो डोंगर दिसतो, ठिकठिकाणी कापलेला. आता मी खिडकीला बसले की त्या कापात तांबडी रेघ शोधते.

दुसरं बोलणं ज्याने मला दरवर्षी रडू येतं ते कोयनेच्या काकूंचं. त्यांचा दगड देवघरातल्या लाल कापडात गुंडाळलेला असतो. त्यांच्या वडिलांची धरणाच्या कामावर नोकरी होती, त्या सात वर्षांच्या होत्या. त्या तेच सांगतात, शब्दही फारसे बदलत नाहीत. आधी भांड्यांची मांडणी खळखळली, आई म्हणाली मांजर असेल. मग मागची भिंत आत आली. दगड आणि माती यांची भिंत, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. वडिलांनी दोघी बहिणींना दोन काखांत धरून बाहेर काढलं, आजी आतच राहिली. तो दगड त्या भिंतीतला. साधा काळा पाषाण, एका बाजूला वाळलेल्या मातीचा डाग. तो डाग त्या धुवू देत नाहीत.

एका वर्षी पाहुण्यांनी कोयनेच्या खोल छिद्राची माहिती दिली. भूकंपाचा अभ्यास करायला ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, साधारण सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागला, वगैरे. जलाशयाच्या पाण्याचा आणि त्या भूकंपाचा संबंध आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात, हेही सांगितलं. काकूंनी हात वर केला. ‘एवढं खाली गेलात, मग आमच्या घराखाली काय हललं ते दिसलं का?’ पाहुणे जरा थांबले. मग म्हणाले, तेच बघायला गेलोय, ताई. काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि दगड पुन्हा कापडात गुंडाळला. किल्लारीला १९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे जी माणसं गेली, तीही अशाच दगडमातीच्या जाड भिंतींखाली. काकूंचं बोलणं झालं की मी हे दरवर्षी जोडते, कारण शाळेतली मुलं समोर असतात आणि त्यांच्या गावाकडच्या घरांच्या भिंती अजून तशाच असतात.

हजेरीबद्दल मला एक बोलायचं आहे आणि ते मी लेखी बोलते आहे. संमेलन एक वर्ष ठाण्यात, घंटाळीच्या बाजूला, आणि एक वर्ष वाशीत असतं. ठाण्यातल्या वर्षी नवी मुंबईची माणसं झाडून येतात. खारघरहून, बेलापूरहून, लहान मुलं काखेत घेऊन. वाशीतल्या वर्षी आमचे ठाणेकर? २०२२ ला मोजून नऊ. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. त्याच ठाणेकरांना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांची सहल असली की बस अपुरी पडते. आबा वाशीला आले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. मला हे नऊ आणि ते एक कधी विसरता येणार नाहीत. काकूंचं बोलणं चालू असताना पंगतीची वेळ झाली म्हणून उठून गेलेले चारजणही माझ्या लक्षात आहेत.

२०२३ चं संमेलन वेगळं होतं. त्या वर्षी १९ जुलैच्या रात्री इरशाळवाडीवर डोंगर खाली आला. इरशाळगडाच्या पायथ्याशी आमची मुलं अनेकदा सहलीला गेली होती, वाडीत पाणी प्यायली होती. ‘दगड सांगणे’ मध्ये त्या दिवशी कुणी दगड ठेवला नाही. एका मुलीने मूठभर माती आणली. मग येऊरच्या पाड्यांवर जाऊन सांगायचं ठरलं, आणि आमचे तरुण सभासद गेले. डोंगराला वरच्या अंगाला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं की पावसात तिथे झोपायचं नाही, माणसं हलवायची. याचं एक साधं चित्र काढून पाड्यांवर लावलं आहे. माळीण, तळिये, इरशाळवाडी अशी तीन नावं त्या चित्राखाली आहेत. त्या मुलांचा मला फार अभिमान वाटतो.

आता आभार. मागे एकदा छापील अहवालात एका ताईंचं नाव राहिलं आणि त्या दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणून यंदा कुणाचंच नाव न लिहिता कामं लिहिते. आपलं काम प्रत्येकाला ओळखू येईल. बॅनर पहाटे पाचला लावणारे दोघे भाऊ. प्रोजेक्टरची वायर घरून आणणारे इंजिनिअर काका. चादरी इस्त्री करून देणाऱ्या अंबरनाथच्या वहिनी. चिठ्ठ्यांवर वळणदार आकडे लिहिणारी आठवीतली मुलगी. गिल्बर्ट हिलच्या सहलीला अंधेरीच्या गल्ल्यांतून बस काढणारे ड्रायव्हरदादा. त्याच सहलीत गावदेवीच्या देवळापर्यंत आजींना हात देऊन चढवणारा मुलगा, ज्याने मग खाली उतरून त्या खांबांसारख्या उभ्या दगडांबद्दल सगळ्यांना समजावलं, की लाव्हा थंड होताना आकसतो आणि पाच-सहा कोनांत तडकतो. साबुदाणा खिचडी वेगळी करून ठेवणाऱ्या काकू, कारण मार्गशीर्षात कुणाचा ना कुणाचा उपास असतोच. हिशेब एक रुपया न चुकता देणारे आमचे खजिनदार. जिन्यावर चहाचे थर्मास चढवणारे मामा. राहिलं, छापखान्याचे मालक, ज्यांनी पत्रिका उधारीवर छापल्या आणि अजून आठवण केली नाही. आणि हॉलच्या वॉचमनदादांनी रात्री अकरापर्यंत दिवे चालू ठेवले.

आबांचा उल्लेख यंदा श्रद्धांजलीत करावा लागला. त्यांची नात आली होती, हातोडी घेऊन. तिने ती पांढऱ्या चादरीवर ठेवली, चिठ्ठी क्रमांक सतरा. बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, हा दगड नाही, पण चालेल ना. अध्यक्षबाई म्हणाल्या, चालेल गं.

अजून एक. संध्याकाळी झाडू मारणाऱ्या मावशींना टेबलाखाली एक दगड सापडला, तो त्यांनी टाकून न देता पिशवीत घालून मला आणून दिला. मुठीएवढा काळा पाषाण आहे, एका पोकळीत फिकट गुलाबी स्टिल्बाइट, पंख्यासारखं उमललेलं. चिठ्ठी गळून पडली आहे. मी तो माझ्या खिडकीत ठेवला आहे. ज्यांचा असेल त्यांनी जानेवारीच्या सभेला येऊन घेऊन जावा. सभा वाशीला आहे.