हाडांचं औषध आता बंद केलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘डॉक्टर, पाच वर्षं झाली, आता बंद करू ना?’ हा प्रश्न बहुतेक वेळा उठता उठता, चपलेत पाय सरकवताना येतो आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी ‘कोणतं औषध?’ असं उलट विचारते, तेव्हा टाळते आहे असं वाटतं. औषध चालू ठेवण्यात माझाच काही फायदा असेल, अशी शंकाही काहींच्या चेहऱ्यावर दिसते. पण हाडांच्या ठिसूळपणावरची (ऑस्टिओपोरोसिस) आठवड्यातून एकदाची गोळी आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन यांचे थांबवायचे नियम अगदी उलटे आहेत.

गोळी म्हणजे अ‍ॅलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा प्यायचा नाही. चहा-दुधाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर ती अंगात जवळजवळ जातच नाही. ‘गोळीचा उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांना मी आधी चहाचं विचारते. नीट घेतली तर ती हाडात मुरते आणि बंद केल्यावरही काही वर्षं तिथेच राहते. म्हणून पाच वर्षांनी, किंवा त्याच गटातल्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या वर्षाला एक अशा तीन सलाइननंतर, खुब्याचा टी-स्कोर (हाडाच्या घनतेचा आकडा) उणे २.५ च्या वर असेल आणि हाड मोडलेलं नसेल तर दोन-तीन वर्षं विश्रांती देता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनंतर काहींची गोळी थांबवली, काहींची दहा वर्षं चालू ठेवली. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठळक फरक पडला नाही. त्रास देणारी मणक्याची फ्रॅक्चर मात्र थांबवलेल्यांत ५.३ टक्के होती आणि चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के. ज्यांचा मणका आधीच दबला आहे, त्यांना मी सुट्टी देत नाही ती यामुळे.

विश्रांती द्यायची कारण फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड किरकोळ धक्क्यानेही आडवं मोडतं. आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखतं. ‘गुडघ्याचंच असेल’ म्हणून गप्प बसू नका, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढा.

आता इंजेक्शन. डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. ते हाडात मुरत नाही. हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायचा निरोपच ते अडवतं. सहा महिने उलटले की निरोप मोकळा होतो आणि थोपून राहिलेल्या पेशी एकदम कामाला लागतात. उपचाराआधी हाड जितक्या वेगाने झिजत होतं, त्याहून जास्त वेगाने झिजतं. वर्ष-दोन वर्षांत कमावलेलं सगळं जातं.

सदुसष्ट वर्षांच्या एक काकू. पाच इंजेक्शनं झाली होती, शेवटचं ऑक्टोबर २०१९ मध्ये. डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा सुधारला होता. सहावं एप्रिल २०२० ला होतं, तेव्हा लॉकडाऊन. आकडा चांगला आहे, थोडं पुढेमागे झालं तर काय बिघडतं, असं घरच्यांनी धरलं. घटस्थापनेच्या आधी घर आवरताना त्या वाकल्या आणि पाठीत कळ आली. उसण भरली म्हणून बाम, पट्टा, शेक. दोन आठवड्यांनी खोकताना दुसरी कळ. एक्स-रेमध्ये तीन मणके दबलेले निघाले. औषध सुरू करण्याआधी त्यांचा एकही मणका दबलेला नव्हता. मणक्यांत सिमेंट भरून घ्यायचा सल्ला त्यांना कुणी तरी दिला होता, त्याला मी नको म्हटलं. हाड इतक्या वेगाने झिजत असताना तसं केलं की शेजारचे मणके दबण्याची भीती असते. इंजेक्शन तातडीने पुन्हा सुरू केलं. उंची गेली ती गेलीच.

लॉकडाऊन माझ्या हातात नव्हता, असं मी बरेच दिवस म्हणत होते. खरं आहे ते. पण फाइलवर ‘सहा महिन्यांनी’ एवढंच लिहिलेलं होतं. उशीर झाला तर काय होतं, ते लिहिलेलं नव्हतं. २ ते ८ अंशांत ठेवलेलं इंजेक्शन घरी येऊन नर्सने दिलं असतं. तेही जमलं नसतं तर सातवा महिना उलटायच्या आत आठवड्याची गोळी तात्पुरती सुरू करता आली असती. एका फोनचं काम होतं.

थांबवायचंच असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिकचं ५ मिलिग्रॅमचं सलाइन. त्याआधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून भरून काढायचं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर ते सलाइन देता येत नाही. नंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला सीटीएक्स ही हाड किती वेगाने झिजतंय ते सांगणारी रक्ततपासणी. आकडा चढला तर पुन्हा डोस. बरीच वर्षं इंजेक्शन घेतलेल्यांना एका सलाइनवर भागेलच असं नाही.

‘मग सुरूच का करता?’ मूत्रपिंड कमजोर असेल किंवा अन्ननलिकेमुळे गोळी चालत नसेल, तर पर्याय थोडेच उरतात, आणि वेळेवर घेतलं तर हे औषध फार चांगलं आहे. डायलिसिसवरच्यांत मात्र रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. फार ठिसूळ हाडांत आधी टेरिपॅराटाइड हे नवं हाड घडवणारं, पेनने घ्यायचं इंजेक्शन, रोज २० मायक्रोग्रॅम, दीड-दोन वर्षं, आणि मग गोळी किंवा सलाइन, हा क्रम मला पटतो. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडल्यापासून २८ दिवसांनी औषध उरलं तरी टाकून द्यायचं. क्रम उलटा केला, म्हणजे डेनोसुमॅब सोडून नुसतं टेरिपॅराटाइड घेतलं, तर खुब्याचं हाड आधी खालीच जातं.

डेनोसुमॅबचा मुख्य अभ्यास दहा वर्षांपर्यंतचा आहे. पासष्टीत सुरू केलेल्या बाईला पंचाहत्तरीत काय सांगायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही. पुढच्या वेळी हा प्रश्न विचारायला याल तेव्हा बसल्या बसल्याच विचारा, आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून आणा.