मोजून निघून जायचं नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात दरवर्षी आरोग्य शिबिर व्हायचं. मंडळातलेच दोन-तीन डॉक्टर बीपी मोजायचे, बोट टोचून शुगर बघायचे आणि माणसं आकडा लिहिलेली चिठ्ठी खिशात घालून जेवणाच्या रांगेत उभी राहायची. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. 2022 मध्ये एका विद्यापीठाने कळवलं की कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि दक्षिण आशियाई लोकांमधला रक्तदाब-मधुमेह आटोक्यात आणायला स्थानिक संस्थांची भागीदारी हवी आहे. मला वाटलं, दोन शनिवारांचं काम. नुसत्या करारावर सह्या व्हायला नऊ महिने गेले.

पहिली बैठक कृष्णवर्णीयांच्या एका चर्चच्या तळघरात होती. चर्चची आरोग्य समिती सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागले. विद्यापीठाची दुसरी स्लाइड संपायच्या आत त्या म्हणाल्या, “आमचे दंड तुम्ही पुष्कळदा मोजलेत. मोजून झाल्यावर जाता कुठे?” कोणी बोललं नाही. मला आमच्या चिठ्ठ्या आठवल्या आणि मी मुकाट्याने कॉफीच्या कपात बघत बसले.

मग प्रशिक्षण. माहिती गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांनाही संशोधनातल्या नीतिनियमांचा ऑनलाइन कोर्स करावा लागला. त्यात टस्कीगीचा धडा होता. अलाबामात 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य सेवेने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. 1947 पर्यंत त्यावर पेनिसिलिन सर्रास वापरात आलं, तरी ते त्यांना दिलं नाही. मी पटापट उत्तरं टिकमार्क करून प्रमाणपत्र छापून घेतलं. शेजारच्या कॉम्प्युटरवर सिस्टर त्याच पानावर थांबल्या होत्या. ही बातमी फुटली तेव्हा त्या शाळेत होत्या. “यात परीक्षा मी द्यायची?” एवढंच म्हणाल्या आणि पुढचं बटण दाबलं.

खरी खडाजंगी झाली ती पैशांवरून. आधी खर्च करा, बिलं पाठवा, मग परतावा मिळेल, अशी अनुदानाची रीत. आमच्याकडे निदान गणपतीच्या वर्गणीची शिल्लक होती, चर्चकडे तेवढीही नव्हती. वर ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या वरखर्चासाठी अनुदानात धरलेली टक्केवारी. मोठ्या विद्यापीठांपैकी अनेकांचा ठरलेला दर पन्नास टक्क्यांच्या वर असतो. आमच्यासारख्या, असा दर ठरवून न घेतलेल्या संस्थांना केंद्र सरकारच्या नियमाने तेव्हा 10 टक्के मिळत. आमच्या खजिनदारांनी तो तक्ता तीनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. शेवटी दर तिमाहीला आगाऊ रक्कम द्यायचं ठरलं. ते कुणाच्या मोठ्या मनाने नाही, सिस्टर सही करायला तयार नव्हत्या म्हणून.

त्यांनी आणखी एक कलम घालून घेतलं: आकडा जास्त आला की चौदा दिवसांत अपॉइंटमेंट, विमा असो वा नसो. यासाठी सरकारी अनुदानावर चालणारं आरोग्य केंद्र भागीदार झालं. अशा केंद्रांत फी उत्पन्नाप्रमाणे असते आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. या कलमाची गरज आमच्याच लोकांना किती होती, हे मला नंतर कळलं. सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेले कितीतरी आई-बाबा भारतातून आणलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खात होते आणि मुलांना सांगत नव्हते.

आमच्याकडची अडचण वेगळीच. “मला कसली शुगर, मी काडीसारखा!” असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह होतो, म्हणून अमेरिकन डायबिटीज असोसिएशनने 2015 पासून आमच्यासाठी तपासणीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 वरून 23 वर आणला आहे. काका 23.4 निघाले आणि वजनकाट्यावरच रागावले.

संमतीपत्राचं मराठी भाषांतर माझ्याकडे होतं. मी सरळ ‘संशोधन’ लिहिलं. एका काकूंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे माझ्यावर प्रयोग करणार का गं?” उगाच घाबरतात, असं म्हणणार होते, तेवढ्यात सिस्टर आठवल्या. काकूंना टस्कीगी ऐकूनही माहीत नव्हतं, पण प्रश्न तोच होता. कोण काय बघणार, नाव कुठे राहणार, मध्येच नको म्हटलं तर काय, हे साध्या वाक्यांत पुन्हा लिहिलं. ते नीतिसमितीकडून परत मंजूर होऊन यायला आणखी काही आठवडे गेले.

पहिल्या शनिवारी मला एक गोष्ट कळली, जी आमच्या शिबिरात कधी कुणी बोललं नव्हतं: जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं. आम्ही वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यावर सगळं मंडळ मोजत होतो! आता तीन मापांचे पट्टे चर्चच्या कपाटात असतात आणि मंडळ ते मागून आणतं.

वर्षअखेरीस अहवालाचा मसुदा आला. करारानुसार तो आधी आम्ही वाचायचा. चर्चचा रकाना होता, लॅटिनो लोकांचा होता, आम्ही ‘इतर’मध्ये होतो. परत पाठवला. दुसऱ्या मसुद्यात ‘आशियाई’ असा रकाना आला, त्यात चिनी, व्हिएतनामी आणि आमचे काडीसारखे काका सगळे एकत्र. सिस्टरनी आमच्यासाठी त्यावर लाल पेनाने रेघ मारली. तो कागद सध्या पुन्हा विद्यापीठात आहे.